हवेच्या वाहतुकीचा आराखडा

६ ऑक्टोबर, रविवार
आजपासून नोंदी ठेवणार. फक्त माझ्यासाठी. उद्या कोणी म्हणायला नको की वर्लिन टॉस्ट्रुडने विचार न करता घराला हात घातला.

विषय: ईशान्येची खोली. थंड आहे, असं मार्लिसचं म्हणणं. काल ती फोनवर तिच्या भावाला, गॉर्डीला सांगत होती, आईला त्या खोलीत ठेवायचं म्हणजे लोण्याशेजारी फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं आहे. मी समोरच बसलो होतो. माझं घर, माझ्यासमोर.

सासूबाई, म्हणजे आर्डिस. वय शहाऐंशी, खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नोव्हेंबरात कायमच्या राहायला येणार. मार्लिसने खोलीसाठी पडदे शिवायला घेतलेत. खोली गरम झाली नाही तर सासूबाई गॉर्डीकडे जाणार. हे वाक्य गॉर्डी फार गोड आवाजात म्हणतो. म्हणूनच तो माणूस मला डोक्यात जातो.

९ ऑक्टोबर, बुधवार
गॉर्डीने परस्पर एक बाई पाठवली. रोक्सान लेन्झ. घरांमधल्या गरम हवेच्या नळांचं, म्हणजे डक्टचं, डिझाइन करते. च्युइंगम चघळत तासभर तळघरात आणि माळ्यावर हिंडली, कुठे कुठे धूर सोडून पाहिला. मग म्हणाली, "काका, तुम्ही गॅस जाळून हवा तापवता आणि तिच्यातली बरीचशी माळ्यावरच्या भेगांतून आकाशाला देता. त्या खोलीचा डक्ट लांब, वाकडा आणि अरुंद आहे. खोलीतून हवा परत यायला वाटच नाही. आधी खोलीला किती ऊब लागते त्याचा हिशोब करते, मग डक्टचा आकार ठरवू, मग सांधे लेप लावून बंद करू."

मी तिला शांतपणे सांगितलं की मी एकोणतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांची वाहतूक आखली आहे. प्रवाह म्हणजे काय ते मला शिकवू नये.

ती म्हणाली, "हवेला सिग्नल कळत नाहीत हो काका."

मार्लिस हसली. माझी बायको. तिच्या बाजूने.

रोक्सानला कॉफी न देता परत पाठवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार
आराखडा तयार. हवा आणि मोटारी यांत तत्त्वतः काडीचा फरक नाही. दोघांना पुढे जायचं असतं, दोघं अरुंद जागी अडतात. एक रस्ता बंद केला की गर्दी दुसरीकडे वळते.

म्हणून आज बाकीच्या सगळ्या खोल्यांमधल्या जमिनीवरच्या गरम हवेच्या जाळ्या बंद केल्या. हवेला आता ईशान्येला जाण्यावाचून इलाजच नाही. शिवाय गॅसची बचत. हे त्या बाईला सुचलं नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
फर्नेस, म्हणजे घर तापवणारी तळघरातली गॅसची भट्टी, आपोआप बंद पडते. तापते, बंद पडते, थंड होते, पुन्हा तापते. असलं यंत्र बनवणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?

मार्लिस बाथरूममधून दात वाजवत बाहेर आली. गॉर्डीला फोन लावून फोन माझ्या हातात दिला. गॉर्डी म्हणाला, "भावजी, त्या जाळ्या उघडा. फर्नेसला श्वास कोंडल्यासारखं होतंय. जास्त तापली की ती जळू नये म्हणून स्वतःच बंद होते."

जाळ्या उघडल्या. गॉर्डीने सांगितलं म्हणून नव्हे. चाचणीचा पहिला टप्पा संपलाच होता.

२७ ऑक्टोबर, रविवार
चर्च चुकवलं. तळघरात डक्टचा वळणचौक बसवला, रस्त्यावर असतो तसाच. चार दिशांनी येणारी हवा गोल फिरून आपापल्या वाटेने जाणार. एकही टक्कर नाही. पुढे माळ्यावरून ईशान्येपर्यंत नवा लवचिक पाइप. जास्तीचा कापला नाही, वेटोळं करून ठेवला. पुढेमागे विस्तार करायचा झाला तर. सांधे चंदेरी डक्ट टेपने पक्के.

मार्लिसने खोलीतल्या जाळीवर टिश्यूपेपर धरला. हलला नाही. ती म्हणाली, "बघ, कसा गाढ झोपलाय."

मी म्हणालो, कागद जाड आहे.

यावर तिने जे तोंड केलं ते मी लिहिणार नाही. पण संताप आला. एवढ्या वेळात तिने साधं 'छान झालंय' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

३ नोव्हेंबर, रविवार
कारण सापडलं. हवेला परत यायला वाट नाही. हे मी स्वतः शोधून काढलं. रोक्सानही असंच काहीतरी म्हणाली होती, पण चुकीच्या पद्धतीने.

फर्नेसकडे परत जाणाऱ्या मोठ्या डक्टला तळघरातच, गॅसच्या गीझरच्या टाकीशेजारी, चांगलं दणदणीत भोक पाडलं. आता फर्नेस छाती भरून हवा ओढते. आवाज विमानासारखा. मार्लिस वरून ओरडली, टीव्ही ऐकू येत नाही. आवाज हीच तर प्रगती.

९ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून हरणांच्या शिकारीचा मोसम. गावातले सगळे पुरुष जंगलात, मी माळ्यावर. टेप वाळक्या सालीसारखी सुटून लोंबते आहे. दुकानदाराला फोन करून खडसावलं. तो म्हणाला, ही टेप डक्टवर टिकत नाही. मी विचारलं, मग तिच्या नावात डक्ट कशाला? त्याने फोन ठेवला. मी बरोबर होतो.

एक निरीक्षण: माळा ही सध्या घरातली सगळ्यात ऊबदार जागा आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार
सासूबाई आल्या. पलंगावर कोट घालून बसल्या. मी विचारलं, खोली कशी वाटते?

म्हणाल्या, "छान आहे, वर्लिन. कोट काढायची मला काही घाई नाही."

टोमणा. सत्तेचाळीस वर्षं ऐकतो आहे, मला कळतो.

संध्याकाळी मार्लिसने खोलीत विजेचा हीटर आणून ठेवला. मी म्हणालो, माझ्या आराखड्यात हीटर नाही. ती म्हणाली, "तुझ्या आराखड्यात माझी आईही नाही." आणि हीटर लावला.

दोघी आतून हसल्याचा आवाज आला. मी तळघरात गेलो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
जिन्यापाशी भिंतीवर विषारी वायूचा अलार्म आहे. सकाळपासून तीनदा बोंबलला. मार्लिसचं डोकं दुखतंय. दुखणारच, एवढा आवाज. जुना झालाय, बिघडलाय. बॅटरी काढली. लगेच शांतता. घरात एक गोष्ट तरी माझ्या मनासारखी झाली.

२४ नोव्हेंबर, रविवार
मार्लिसने न विचारता नवा अलार्म आणून आईच्या खोलीत लावला. या घरात माझ्या शब्दाला अलार्मइतकीही किंमत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग
गॉर्डी टर्की घेऊन आला. बाहेर कडाक्याची थंडी, फर्नेस सकाळपासून धडधडत होती. मार्लिसने सगळी भांडी गरम पाण्याने धुतली. टेबलावर मी डक्टचा विषय मुद्दाम काढला नाही. गॉर्डीने काढला. मी उत्तर देणार तेवढ्यात सासूबाईंची मान खाली गेली.

मार्लिस म्हणाली, आई. पुन्हा म्हणाली, आई. सासूबाईंनी डोळे उघडले, पण आमच्याकडे पाहिलं नाही.

मग त्यांच्या खोलीतला अलार्म सुरू झाला.

गॉर्डीने आईला खुर्चीतून उचललं, लहान मुलासारखं, आणि तसाच बाहेर बर्फात गेला. मार्लिस अनवाणी मागे धावली. मी टर्कीजवळ उभा होतो. किती वेळ ते माहीत नाही. मार्लिसने परत येऊन माझ्या दंडाला धरून ओढलं.

अग्निशमनवाले आले. गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. त्यांच्यातला एक तळघरातून वर आला. म्हणाला, ते भोक तळघरातली हवा एवढ्या जोरात ओढतं की गीझरचा धूर धुराड्यातून वर न जाता उलटा घरात येतो, आणि फर्नेस तोच सगळ्या खोल्यांत वाटते. मग विचारलं, भोक कोणी पाडलं?

मी म्हणालो, घर जुनं आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
सासूबाईंना डुलुथच्या हॉस्पिटलात रात्रभर ऑक्सिजन दिला. ठीक आहेत. नाष्टा मागितला म्हणे. आता गॉर्डीकडे राहतील. मार्लिसही. तात्पुरतं. गॉर्डीचं घर हॉस्पिटलला जवळ पडतं.

बॅग न्यायला ती आली होती. गाडीत बसताना तिने विचारलं, जिन्यापाशी बॅटरी तू काढलीस?

मी म्हणालो, सैल झाली होती.

तिने गाडीचं दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

३ डिसेंबर, मंगळवार
गॅस अजून बंद. स्वयंपाकघरात कोट घालून बसलोय. मार्लिसने फ्रीझरमध्ये ठेवलेली बटाट्याची हॉटडिश विजेच्या ओव्हनमध्ये गरम केली, मग ओव्हनचं दार उघडं ठेवून त्याच्यापुढे बसलो. गॉर्डीचा राग येतो. त्या दुकानदाराचा येतो. अग्निशमनवाल्यांनी बुटांनी गालिचा खराब केला त्याचाही. मार्लिसचा राग आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. थंडीमुळे असेल.

४ डिसेंबर, बुधवार
रोक्सान आली. मी बोलावली असं नाही. फोनवर बोलता बोलता वेळ ठरून गेली.

वळणचौक बघून म्हणाली, "काका, हे काय आहे?"

मी म्हणालो, गॉर्डीची कल्पना.

तिने तो उचलून अंगणात ठेवला. आता त्याच्यावर बर्फ साचतोय.

१३ डिसेंबर, शुक्रवार
तिचं काम संपलं. भोक बंद. गीझरचा धूर नीट वर जातो का ते तिने दोनदा पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. माळ्यावरचा पाइप काढून टाकला. नवा पत्र्याचा डक्ट घराच्या आतूनच, बोळाच्या छताखालून, आखूड आणि सरळ. सांध्यांना राखाडी लेप. दारावर परतीची जाळी. खोलीगणिक हवा मोजून कमीजास्त केली. फर्नेस आता कुजबुजल्यासारखी चालते आणि पूर्वीच्या निम्म्या वेळ चालते.

ती गेल्यावर जाळीवर टिश्यूपेपर धरला. उडून पडद्याला चिकटला.

पातळ कागद होता.

१५ डिसेंबर, रविवार
दोघी परत आल्या. मार्लिसने रोक्सानला फोन करून आभार मानले, दहा मिनिटं. माझ्याशी ती मिठाबद्दल बोलली. बाकी काही नाही.

१९ जानेवारी, रविवार, दुपार
बाहेर शून्याखाली वीस. सकाळपासून फर्नेस थांबलेली नाही. सारखी चालूच. मला हेच हवं होतं. त्या बाईचं डिझाइन फसलं. मी म्हणालोच होतो. थर्मामीटर घेतला, गारठा डोक्याला नीट कळावा म्हणून टोपी काढून ठेवली, पुरावा गोळा करायला ईशान्येच्या खोलीत गेलो.

आत गारठा. मन भरून आलं.

मग पाहिलं. जाळीवर गोधडी दुमडून ठेवलेली. पडद्यामागे खिडकी चार बोटं उघडी. सासूबाई कोट घालून, गुडघ्यावर पुस्तक ठेवून, मजेत.

म्हणाल्या, "दार लाव, वर्लिन. गरम हवा आत येतेय."

दार लावलं.

त्या म्हणाल्या, "शेतावर जन्मभर खिडकी उघडी ठेवून झोपले. बंद खोलीत मला कोंडल्यासारखं होतं. पण मार्लिसने एवढे पडदे शिवले, तू त्या नळकांड्यांशी एवढा झगडलास. सांगायचं कसं?"

मी विचारलं, मग गॉर्डीकडे का नाही राहिलात?

"त्याच्या नव्या घराच्या खिडक्या उघडतच नाहीत. म्हणून तर पहिल्यापासून मला इथेच यायचं होतं."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. बरंच काही बोलायचं होतं, कोणाला ते सुचेना.

स्वयंपाकघरातून मार्लिसचा आवाज आला, "वर्लिन, आईच्या खोलीत ऊब आहे ना?"

बऱ्याच दिवसांनी तिने मला नावाने हाक मारली होती. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, छान गरम आहे.

सासूबाईंनी पलंगावरची त्यांची जाड शाल माझ्याकडे सरकवली. मी ती पांघरली.