पाकिटावरचं पहिलं नाव

परम कृपाळू, परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, एमना बिन्त मुराद जरीदी, वय एकतीस, राहणार स्फाक्स, व्यवसाय वनस्पती-संशोधन, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मन ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही. ती गुरुवारी बदलणार आहेत, म्हणून आज लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. अल्लाह एक आहे आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, ही माझी साक्ष.

पहिलं कलम. माझे वारस दोन: आई आणि भाऊ वसीम. त्यांचे वाटे कायद्याने ठरलेले आहेत, त्यात मला हात घालता येत नाही. वारस नसलेल्यांना मी एक तृतीयांशापर्यंत देऊ शकते. तो पूर्ण तृतीयांश आमच्या काचघरातल्या मबरूका मावशीला द्यावा. नऊ वर्षं माझ्या रोपांना पाणी तिने घातलं. तिला लाभ मिळणार असल्याने तिला साक्षीदार केलेलं नाही.

दुसरं. आईने शेजारणींना "मुलगी औषधी झाडं लावते" असं सांगणं थांबवावं. तो तंबाखूच आहे. "सिगारेटचं झाड कशाला गं, खजुराचं कर की काहीतरी," असं ती मला दर ईदला म्हणाली. मी कधी नीट उत्तर दिलं नाही, ते इथे देते. हवेतला कार्बन पकडायला पानात एक एन्झाइम असतं. ते चुकून ऑक्सिजन धरतं, आणि ऊन वाढलं की जास्त चुकतं. तेवढी झाडाची मेहनत फुकट जाते. मी त्या एन्झाइममध्ये दोन बदल केले. ते कमी चुकू लागलं. तंबाखूत असे बदल करणं सोपं जातं, म्हणून तंबाखू. खजुराची पाळी नंतर येणार होती. त्या वाणाचा क्रमांक ४४.

तिसरं, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. लुत्फी मजूल यांच्याविषयी. तिथे सगळे त्यांना आदराने सी लुत्फी म्हणतात. चिमटा धरायला त्यांनी मला शिकवलं. बाबांच्या जनाज्याला त्यांनी खांदा दिला. हेही लिहिते, कारण नोंद अर्धी ठेवू नये.

जूनमध्ये ४४ वरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर पाच नावं आहेत, माझं नाही. जुलैत मी तपासणीसाठी इस्पितळात असताना त्यांनी फ्रीजमधून ४४ चं बी काढून एका कंपनीला दिलं. ते वसंतात शेतात लावणार आहेत.

परतल्यावर मबरूका मावशीने सांगितलं, "सगळ्यात जाडजूड पाकीट उचललं गं त्यांनी."

"अगं, ते चुकीचं आहे. सांगितलं का नाहीस?"

"मला कोण विचारतंय? विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आमच्या कामात संकराच्या बियांच्या पाकिटावर आधी आईचं नाव लिहितात, मग बापाचं. या एन्झाइममधला माझा बदल पानाच्या हरितलवकात असतो, आणि हरितलवक बीमध्ये आईकडूनच येतं. परागातून येत नाही. त्या पाकिटावर 'देशी × ४४' लिहिलं आहे. बदल बापाकडून येत नाही, हे पडताळायला ते मी केलं होतं. त्यात ४४ फक्त बाप आहे, म्हणजे आत साधा देशी तंबाखू आहे. सी लुत्फींनी बारा वर्षांत बियांना हात लावलेला नाही. त्यांनी ४४ हा आकडा पाहिला आणि पाकीट उचललं.

ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे दोन गोष्टी बोलायला गेले. आधी नावाची काढली.

"नावाचं काय घेऊन बसलीस, पोरी? तू तर घरचीच."

"घरच्यांची नावं आहेत ना, सी लुत्फी. पाचवं तुमच्या जावयाचं आहे."

"तुझ्या तब्येतीला ताण नको म्हणून..." असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली.

दुसरी गोष्ट, पाकिटाची, मी बोलले नाही. कॉफी प्यायले नाही.

आता ती सांगणं भाग आहे. वसंतात शेतात काहीच वेगळं दिसणार नाही. तेव्हा ते म्हणतील, एमनाचं कामच खोटं होतं. माझं नाव त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं जाईल, आणि मी उत्तर द्यायला नसेन.

म्हणून शेवटचं कलम. माझ्या मृत्यूनंतर हे कलम पेरणीआधी सी लुत्फींना सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं:

तुमच्या पाकिटावरचं पहिलं नाव वाचा. खरं पाकीट '४४ × देशी' आहे. बी संस्थेचं आहे, ते मी कोणाला देऊ शकत नाही. कुठे आहे एवढंच सांगते. काचघरातल्या फ्रीजमध्ये, मबरूका मावशीच्या तिखटजाळ हरिसा चटणीच्या बरणीत, जिथे तुमच्यापैकी कोणी हात घालत नाही. फ्रीजची किल्ली तिच्याकडे असते. ४४ कोणी केलं, हे मागताना सांगावं लागेल. मी तिला विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?"

"तर बरणीत हरिसाच आहे म्हणेन."

सही: एमना जरीदी

साक्षीदार:
फाखिर कम्मून, औषधविक्रेते, शेजारी
दोर्रा शआबान, शाळाशिक्षिका

स्फाक्स, मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४