लपवलेलं बटण

बाई, तुमची कार्डं आता कोणी वापरत नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही चित्रं काढायचात, वर प्लास्टिक चिकटवायचात, आणि न बोलणारी मुलं त्यांतलं एखादं उचलून आपल्याला दाखवायची. आता टॅब आहेत. मूल चित्रावर बोट ठेवतं, टॅब शब्द बोलतो. शाळा जेसल पार्कच्या त्या दोन खोल्यांतून हाटकेशला आलीय. खाली भांड्यांचा कारखाना आहे, दिवसभर जमीन थरथरते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. दुपारनंतर माझ्याच्यानं फारसं काही होत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगी सारखं लाल पंजाचं कार्ड उचलायची. नकोचं. मी ते कपाटात ठेवून दिलं आणि वर्ग शांत झाला. मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही मला शाळेच्या स्वयंपाकघरात जेवायला बसवलंत आणि सुरणाची भाजी वाढलीत. घसा खाजत होता. संपली की तुम्ही पुन्हा वाढत होतात.

"बाई, पुरे."

"खा. कार्ड माझ्याकडे आहे."

कपाटातून काढलेला लाल पंजा तुमच्या ताटाखाली होता. तिसऱ्यांदा वाढलंत तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तुम्ही तो काढून माझ्यासमोर ठेवलात. "हे नुसतं सुरण आहे गं. तिला काय काय गिळावं लागेल, माहितीय का तुला?" आणि ताक दिलंत.

यंदा माझ्या वर्गात काशीगावची एक मुलगी आहे, बारा वर्षांची. बोलत नाही. टॅबवर तिला सगळ्यात आधी नको सापडलं. मणी नको, रंग नको, प्रार्थना नको. कार्ड उचलणारा हात तरी थकायचा, बाई. टॅब थकत नाही. शेजारच्या वर्गातली शिक्षिका म्हणायची, "ताई, तुमची विरोधी पक्षनेती आज पण फॉर्मात आहे." मी हसायचे. एका दुपारी सेटिंगमध्ये गेले आणि ते बटण लपवलं. दोनदा बोट लावावं लागतं, बस. उद्या परत आणू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्ग शांत होता.

तीन आठवडे तो तसाच शांत राहिला. टॅब तिच्याबरोबर घरीही जातो, त्यामुळे घरही शांत झालं असणार. तिची आई खुशीत होती. "लय गुणाची झालीय, बाई. आता कशालाच नको बोलत न्हाय." मग एका सोमवारी तिनं मुलीचा मोजा उतरवून दाखवला. नवे बूट लहान पडत होते. टाच सोलून जखम आतपर्यंत गेली होती. "आधी बूट घालताना टॅब वाजवून डोकं खायची," आई म्हणाली. "या टायमाला गपचूप घातले. मीच येडी. मला दिसलंच न्हाय."

मी जखम धुतली, पट्टी बांधली.

बटण त्याच दुपारी परत आणलं. ती त्याला हात लावत नाही. ते जागेवर आहे, लाल आहे, तिला दिसतं. तिला कारलं आवडत नाही. डब्याच्या वेळी मी माझ्या डब्यातलं कारलं तिच्या ताटात वाढते, टॅब जवळ सरकवते आणि थांबते. ती माझ्याकडे बघते आणि खाते.

शाळा सुटली की आई तिला न्यायला येते. बटण मीच लपवलं होतं हे आज सांगायचंच, असं ठरवून मी रोज जिन्यापर्यंत जाते. "टाच भरत आलीय, बाई. तुमचे लय उपकार," ती म्हणते. मी म्हणते, असू दे.

तुम्ही असतात, तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं.