सोयाबीनच्या वड्या म्हणाली मी

सौसर. रविवार, संध्याकाळ.

प्रशांत, माझा धाकटा भाऊ, जहाजावर स्वयंपाकी आहे. सुट्टीत आलाय. आज त्यानं मला पेरू देशातल्या पद्धतीचं मटण खाऊ घातलं. तिकडे ते गाईचं करतात म्हणे. यानं बाजारातून बोकडाचं आणलं. मोठ्या आचेवर पातळ तुकडे, कांदा, टमाटर, सोया सॉस, व्हिनेगर, वरून तळलेला आलू. कढईतून जाळ उठला तेव्हा किती हसला!

वासानं घरमालकीण काकू दारात आल्या. "काय शिजवून राहिले? कशाचं आहे?"

माझ्या तोंडून निघालं, "सोयाबीनच्या वड्या."

बोकडाचं, एवढंच तर म्हणायचं होतं. वड्या काऊन म्हणाली मी?

काकू गेल्यावर प्रशांतनं गॅस बंद केला. "ताई, खोटं काऊन बोलली?"

"भाड्याचं घर आहे बाबू. बोकडाचं म्हटलं असतं, तरी आपल्या लोकांचं त्यांनी खरं मानलं असतं का? गाईचंच समजल्या असत्या."

त्यानं वाटी भरली अन् सरळ त्यांच्या दारात गेला. मला आतून ऐकू येत होतं. "काकू, बोकडाचं मटण आहे. ताई उगाच घाबरली. चाखून पाहा."

"मी रविवारी खात नाही," काकू म्हणाल्या.

प्रशांत भरली वाटी घेऊन परत आला. त्याला मी सांगितलं नाही, मागच्याच रविवारी त्यांच्याकडे मटण होतं.