हात मोडलेली खुर्ची

सोमवार, संध्याकाळ

आज माजी आमदार तामसीहून बसनं आले. नातीच्या वसतिगृहासाठी नव्या आमदारांचं शिफारसपत्र पायजे होतं. पाच वर्षं मी त्यांचा पीए होतो, आता नव्यांचा आहे.

त्यांना बाहेरच्या हात मोडलेल्या खुर्चीवर बसवलं. लोकांनी जास्त वेळ बसू नये म्हणून ती त्यांनीच आमदार असताना तिथं ठेवायला लावली होती. आत नवे साहेब निवांत चहा पिऊन राह्यले होते. मी म्हटलं, "साहेब मीटिंगमधी हायेत." हे वाक्यही जुन्या साहेबांचंच.

दोन तास बसले त्या खुर्चीवर. मले काऊन बरं वाटून राह्यलं होतं?

शेवटी म्हटलं, "उद्या या."

"किती वाजता येऊ, बाबा?"

वेळ सांगायची नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. नाही सांगितली.