जवाईबुवांचं सोलर

अकोला, २ मे २०२६

ती. दादास,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं लावतोस, म्हणून पत्रच बरं. इकडे सगळे ठीक. ऊन मात्र असं की सकाळी आणलेली शेवंती दुपारी मान टाकते. हारफुलांच्या दुकानासाठी मोठा फ्रीज घेतला, घरात दोन कूलर, आणि विजेचं बिल पाहून हे दिवसभर घरातले दिवे विझवत फिरले. शेवटी गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं.

अडचण पुढेच आहे. आपल्या खुशीच्या योगेशरावांनी मागच्या वर्षी तिकडे अमरावतीत हाच धंदा सुरू केलाय आणि सासरचं काम आपलंच, असं धरून ठेवलंय. इथला सहदेव म्हणून एक जण चौकशीला बोलावला होता. तो भर दुपारी गच्चीवर चढला, शेजारच्या टाकीची सावली कुठवर येते ते पाहिलं, सोलर बसवणाऱ्यांच्या सरकारी यादीतलं आपलं नाव दाखवलं आणि आधी बसवून दिलेल्या घरांचे पत्ते देऊन गेला. योगेशरावांनी खुशीकडून गच्चीचा नुसता फोटो मागवला. हे म्हणतात, जवायाले नाही कसं म्हणाचं? पण दादा, नाही म्हटलं तर खुशीला घरात ऐकावं लागेल. हो म्हटलं आणि काम बिघडलं, तर जवायाला बोलता येणार नाही. सोलरच्या प्लेटा तर पंचवीस वर्षं डोक्यावर राहणार.

तू त्यांनी केलेली घरं पाहून ये. कळू मात्र देऊ नको. सतराला धोंड्याचा महिना लागतो. अनारशाचं पीठ करून ठेवलंय. योगेशराव दरवेळी दोन मागून घेतात.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझी,
वच्छला


अमरावती, ९ मे २०२६

चि. सौ. वच्छलास,
केशवरावाचे अ. उ. आ.

तुझी हेरगिरी करून आलो. तीन घरं पाहिली आणि तिन्ही घरी चहा झाला, कारण तिन्ही घरं योगेशच्या नात्यातलीच निघाली. पहिल्या घरी, त्याच्या मावशीकडे, काम चांगलं आहे, उगाच नाव ठेवणार नाही. दुसरं त्याच्या आतेभावाचं. तिथे दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली प्लेटांवर पडते. तिसरं त्याच्या चुलत्याचं. वारा सुटला की प्लेटांचा सांगाडा खडखडतो, म्हणून त्यांनी नायलॉनच्या दोरीनं तो कठड्याला बांधून टाकलाय.

मी विचारलं, योगेशले सांगितलं काहून नाही? आतेभाऊ म्हणे, घरच्या माणसाचं मन काहून दुखवाचं. चुलता म्हणे, पोरगा नवा हाय, शिकन हळूहळू. पण न सांगता शिकेल कसा, हे काही त्यांना सुचलं नाही. पोरगा लबाड नाही, हातही वाईट नाही. त्याला आजवर कोणी तक्रारच ऐकवली नाही, एवढंच. परवा भेटला तर सांगत होता, मामाजी, तिन्ही घरचे लय खूश हायेत.

आता मला विचारशील, तू सांगितलंस का. नाही सांगितलं. मीही चहा पिऊन आलो. कोणीतरी वाईट व्हायला पाहिजे, आणि लहानपणापासून ते काम तुझ्याकडेच आहे.

तुझ्या नत्थुजींना नमस्कार. आशीर्वाद नेहमीचेच, जास्त लागले तर कळव.

तुझा,
दादा


अकोला, २५ मे २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झाले मी वाईट. काल योगेशराव आणि खुशी धोंड्याच्या जेवणाला आले होते. आधी जेवू घालावं, मग बोलावं, असं ठरवलं होतं. पण येताक्षणी त्यांनी प्लेटा कधी आणू म्हणून विचारलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. त्यांना गच्चीवर नेलं. तिकडच्या टाकीची सावली सांगितली, दोरी सांगितली. म्हटलं, ती दोन घरं नीट करा, मग माझ्या गच्चीवर चढा. तोवर सहदेवले थांबवून ठेवते.

ते तडक वळले. खाली उतरले, चपला घातल्या. ताटं वाढलेली होती, पुरण शिजवून केलेले धोंडे होते, आहेराचा शर्ट पाटावर ठेवला होता. सगळं तसंच राहिलं. खुशी दारात म्हणाली, आई, परक्या माणसाचा भरवसा वाटला तुले, आमचा नाही. फोन उचलत नाही ती. हे माझ्याशी बोलत नाहीत.

मी सांगितलं त्यात मला चूक वाटत नाही, पण रात्रीचं जेवण जात नाही. महिना पंधरा जूनला संपतो. त्याआधी जवाई जेवून गेला नाही, तर पुन्हा तीन वर्षांनी धोंडा, आणि तोवर गावभर झालेलं असेल. माझी पोर तुटली तर त्या फुकटच्या विजेचं काय करू?

तुझी,
वच्छला


अमरावती, ६ जून २०२६

चि. सौ. वच्छलास,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहितो. परवा योगेशच्या चुलत्याच्या गल्लीतून जात होतो. योगेश भर उन्हात गच्चीवर होता, डोक्याला ओला दुपट्टा, सांगाड्याचे पाय उकरून नव्यानं सिमेंटमध्ये बसवत होता. चुलता खाली उभा राहून म्हणत होता, राहू दे बाप्पा, चालते. योगेशनं मला पाहिलं, पण नमस्कार केला नाही. म्हणजे चुगली कोणाची ते त्याला कळलंय. आतेभावाच्या घरच्या प्लेटाही हलवल्या म्हणतात. तुझं नाव मात्र त्यानं कुठे काढलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. खुशी भेटली नाही.

पुढे काय ते तूच पाहा. सहदेवला आठ दिवस आणखी थांबव.

तुझा,
दादा


अकोला, १५ जून २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल दोघं आले. न कळवता, दुपारी, जुन्या कपड्यांत, हातात मोजपट्टी. योगेशराव पाणीसुद्धा न पिता गच्चीवर गेले आणि सावली पुढे सरकेपर्यंत तिथेच उन्हात बसले. उतरल्यावर म्हणाले, आई, पश्चिमेकडची बाजू कामाची नाही, मी फोटोवरून सांगितल्या तेवढ्या प्लेटा बसणार नाहीत, कमी बसतील. सरकारी यादीत माझं नाव आहे का तेही तुम्ही विचारायला हवं होतं, हे पाहा. सगळं लिहून देतो, बाकीचे पैसे सोलरचं मीटर लागल्यावर. आणि सहदेवलेच द्यायचं असेल तर द्या, मले राग नाही येणार. दादा, मी काम त्यांनाच दिलं. माझा पदर डोळ्याला लागला तो खुशीनं पाहिला आणि ती ताटं घ्यायला उठली.

मग हातपाय धुऊन ते पाटावर बसले, आहेराचा शर्ट घातला, जेवले. शेवटी मी नेहमीसारखे दोन अनारसे वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर हात धरला. म्हणाले, आई, आता खरं बोलायचंच ठरलं हाय तर सांगतो, तुमचे अनारसे लय कडक होतात. ह्यांचा घास हातातच राहिला. खुशी मान खाली घालून हसत होती. लग्नाला चार वर्षं झाली, चार वर्षं तो पोरगा मागून मागून खात होता.

मला आधी राग आला, मग इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. प्लेटा पुढच्या आठवड्यात लागतील.

आता तू. तीस वर्षं दर दिवाळीला माझ्या अनारशांचा डबा तुझ्याकडे येतो आणि तू छान झाले म्हणून कळवतोस. खरं काय ते उलट टपाली लिही. लोभ कमी होणार नाही.

तुझी,
वच्छला