थुजीन नसलेली सालई

३ जून २०२४, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. आठ जुलैला अमरावतीत पीएच.डी.चं शेवटचं प्रेझेंटेशन. सहा वर्षं झाली, दोन्ही एक्स्टेन्शन संपली. यंदा नाही झालं तर रजिस्ट्रेशन रद्द, आणि पांढरकवड्याच्या कॉलेजातली माझी कंत्राटी लेक्चररशिपही पुढच्या सत्रात राहणार नाही. घाबरायचं कारण नाही. पस्तीस दिवस म्हणजे भरपूर.

विषय स्वतःसाठीच एकदा सोपा करून लिहितो, कमिटी विचारेल. सालईच्या झाडाच्या पानाला वास येतो तो टर्पीन नावाच्या द्रव्यांचा. ही द्रव्यं झाडातले एन्झाइम बनवतात. सगळ्यांच्या सालईत थुजीन हे टर्पीन सापडतं. माझ्या बारा झाडांत सहा वर्षांत एकदाही सापडलेलं नाही. म्हणजे आमच्याकडच्या सालईचा एन्झाइमच निराळा. हा शोध आहे. गाईड मॅडम याला ‘अडचण’ म्हणतात.

आता फक्त त्या एन्झाइमचा जीन शोधायचा. रोज पहाटे पाचला उठणार.

५ जून. रात्री
उठायला साडेसात झाले. तरी जंगलात वेळेत पोचलो. बाराही झाडांची कोवळी पानं घेतली. सोबत सलोनी, बाभुळगावची, माझ्याकडे एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करते. तिचा प्रोजेक्ट याच झाडांवर. हुशार आहे, पण आत्मविश्वास कमी. पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि म्हणाली, सर, काहीच वास येत नाही. मी सांगितलं, नाक हे साधन सामान्य माणसाचं. आपल्याकडे मशीन आहे.

वाट दाखवायला तांड्यावरचा देवीलाल होता. तो डिंक गोळा करतो. म्हणे, सर, सालईचा डिंक काढाले आमी वरच्या पहाडावर जातो, इथं कायले आले? लोकांचं ज्ञान मर्यादित असतं. वर चढायला दीड तास लागतो, माझा गुडघा दुखतो.

९ जून
कॉलेजचा डीप फ्रीझर बंद. वायर उंदरानं कुरतडली. पानं गरम झाली तर सगळं संपलं. थर्मासात बर्फ भरून घरी आणली आणि आमच्या फ्रीझरमध्ये ठेवली. बायको आरिफानं पिशव्या मोजल्या, बारा. तिनं सहा डबे आमरस आधीच भरून ठेवलाय. म्हणाली, हा पण तुमचा शोधच समजा, याले हात लावू नका.

अम्मी सगळ्यांना सांगतात की आमचा अय्याज डॉक्टर होणार. आज शेजारीण गुडघा दाखवायला आली. तिला माझा गुडघा दाखवला.

१७ जून, बकरी ईद
नमाजहून आलो तर पानांच्या पिशव्या ओट्यावर. फ्रीझरमध्ये मटण. आरिफा म्हणे, वाटायचं मटण दोन तास तरी गार राहिलं पाहिजे, पाला थांबू शकतो. मी म्हणालो, हा पाला नाही, माझं करिअर आहे. ती म्हणाली, सहा वर्षं थांबलंच ना. सणाच्या दिवशी वाद नको. पिशव्या आमरसाच्या डब्यांमध्ये दाबून बसवल्या. एक डबा गळत होता. किरकोळ.

१९ जून
सलोनीनं पानांतून डीएनए काढला. सकाळी नऊ ते रात्री आठ, एकटीनं. मी देखरेख केली. नमुने नागपूरच्या लॅबला रवाना. माझ्या हातून काम किती व्यवस्थित होतं, हे आज पुन्हा जाणवलं.

प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड तयार. त्यावर माझं नाव आहे.

२८ जून. दुपारी ३.४०
रिपोर्ट आला. जीन मिळाला.

४.३०
सलोनी कॉम्प्युटरवर जुळवून बघत होती. अर्ध्या तासानं तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, सर, हे सालईच्या कुळाशी जुळतच नाही. आंब्याच्या कुळाशी जुळून राह्यलं.

आंबा. एकदम लक्षात आलं. आमरस.

रात्री
आरिफाला स्पष्ट सांगितलं की तुझ्या गळक्या डब्यानं माझं संशोधन नासलं. ती शांतपणे म्हणाली, बाराच्या बारा पिशव्या नासवाले डबा एकच होता. या वाक्यात काहीतरी खटकतं. उद्या बघू.

३० जून
सलोनी मला न विचारता देवीलालसोबत जंगलात गेलती. संध्याकाळी प्रयोगशाळेत आली, टेबलावर दोन डहाळ्या ठेवल्या. एक वरच्या पहाडावरची. तिची साल कागदासारखी निघत होती आणि खोलीभर वास सुटला. मलाही आला. दुसरी आपल्या झाडाची. तिला वास नाही.

सलोनी म्हणाली, सर, आपली झाडं सालईची नाहीत. देवीलाल म्हणे, मोवई आहे. मी पुस्तकात पाह्यलं. मोवई आंब्याच्याच कुळातली.

दोन्ही पानं दिसतात जवळजवळ सारखी. कोणाचीही चूक होऊ शकते. मी तिला समजावलं की आत्ता नाव बदललं तर दोघांचंही काम जाईल. आठ तारखेपर्यंत ‘सालई’च लिहायचं, पुढे शांतपणे दुरुस्त करू. ती म्हणाली, माझ्या प्रोजेक्टमध्ये मी खोटं नाव लिहिणार नाही. मी म्हणालो, खोटं नाही, तात्पुरतं. तिनं बॅग उचलली.

माझी झोप उडालीय. काहून उडावी, कळत नाही.

४ जुलै
सलोनी तीन दिवसांपासून रोज पहाडावर जाऊन राह्यली. खरी सालई, नवे नमुने, रात्रंदिवस लॅबमध्ये पानातलं थुजीन मोजणं. माझ्याशी कामापुरतं बोलते. हट्टी मुलगी. माझ्या स्लाइड चौतीस झाल्या. प्रत्येकीवर सालई आहे.

मॅडमना फोन करून सांगावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा रेंज नव्हती. एकदा होती.

८ जुलै. अमरावती. रात्री
लिहायचं नव्हतं. लिहितो.

कमिटीत मॅडम आणि बाहेरून आलेले एक वयस्कर सर. मागच्या बाकावर सलोनी, तिचंही प्रेझेंटेशन आजच होतं. अकराव्या स्लाइडपर्यंत मी चांगला बोललो. मग त्या सरांनी झाडाची वाळवलेली फांदी मागितली. चष्मा वर करून बघितली, वास घेतला. विचारलं, ही ओळख कोणी पटवली?

माझ्या तोंडून निघालं की ओळख फील्डवर विद्यार्थिनीनं केली, सलोनीनं.

मॅडमनी मागे पाहिलं. सलोनी रडली नाही. माझी फील्डची वही प्रोजेक्टसाठी तिच्याकडेच होती. ती समोर आली आणि वही उघडून टेबलावर ठेवली. पहिलं पान, १४ ऑगस्ट २०१८, माझं अक्षर, माझी सही, ‘सालई, झाड क्र. १ ते १२’. मॅडमनी विचारलं, तेव्हा तू काय करत होतीस? ती म्हणाली, बारावीत होती.

माझं रजिस्ट्रेशन रद्द. तिचं काम मंजूर. त्या सरांनी तिला दोनदा विचारलं की पहाडावरची झाडं कोणी दाखवली. तिनं देवीलालचं पूर्ण नाव सांगितलं.

एस.टी.त मी मनात उत्तरं तयार करत होतो. दबाव होता. दिवस कमी होते. वणी रोडपर्यंत सगळी संपली.

९ जुलै
आरिफाला सांगितलं. रद्द झालं तेही, आणि मी कोणाचं नाव घेतलं तेही. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, पहिलं जाऊ द्या. दुसऱ्याचं काय करता?

१२ जुलै, शुक्रवार
बाभुळगावला गेलो, यवतमाळला बस बदलून. घर शोधावं लागलं. सलोनी घरी नव्हती, मार्कशीटच्या कामासाठी कॉलेजला गेली होती. वडील पुंडलिकराव नुकतेच वावरातून आले होते, पायाला चिखल होता. त्यांनी खुर्ची पुसून दिली. आई विमलताईंनी चहा आणला. म्हणाल्या, पोरगी सांगते, डीएनए काढाले सरांनीच शिकवलं.

मी पाठ करून गेलो होतो. त्यातलं काहीच आठवलं नाही. एवढंच म्हणालो की चूक माझी होती, आणि भर सभेत मी तुमच्या मुलीचं नाव घेतलं.

पुंडलिकराव जमिनीकडे बघत होते. म्हणाले, हो, तेही सांगितलं तिनं आमाले. मग माझ्या कपाकडे बोट केलं. घ्या सर, थंडा होऊन राह्यला.

परतीची बस पाऊण तासानं होती. तेवढा वेळ तिथंच बसलो.