खोल पाण्याच्या चिलखतात अडकल्याबद्दल

ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकता येत नाही, कारण पुढे येईलच, मी वाकलो असं तू समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आणि आईची तब्येत? तुझी सहा महिन्यांची पाळी संपली, शनिवारी तू तिला माझ्याकडे धाडणार आहेस, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. अडचण एवढीच की सध्या मी एका चिलखतात आहे आणि बाहेर निघायची चिन्हं नाहीत. अक्षर बघून तुला शंका आलीच असेल. हातांच्या जागी चिमटे आहेत, त्यात पेन धरलंय.

तर झालं असं. जगाला वेळोवेळी वाचवणारे ते साहेब आमच्या कारखान्याचं गिऱ्हाईक आहेत, हे तुला ठाऊक आहे. वर्तमानपत्रांत त्यांची बिरुदं काय वाटेल ती असोत, आमच्या मापाच्या वहीत ते 'छाती बेचाळीस'. आभाळातला पोशाख त्यांच्याकडे आहे, आगीतला आहे. आता समुद्राच्या तळाशीही लोकांना वाचवायचं म्हणाले, म्हणून हे चिलखत. आमच्याकडे नियम असा की शेवटचा बोल्ट ज्याने आवळला, त्यानेच आधी आत शिरून चार तास टाकीच्या तळाशी बसायचं. (त्यामुळे बोल्ट मन लावून आवळला जातो.) मी मंगळवारी बसलो. माझी छाती चौतीस, म्हणून दोन स्वेटर घालून बसलो. एक थेंब आत आला नाही. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

घोळ वर आल्यावर झाला. पास झालेल्या मालाला ताबडतोब शिशाचं सील ठोकायचं, हा आमचा दुसरा नियम. फोरमनने कागदावर 'पास' वाचलं आणि गळ्याशी सील ठोकलं. आत कोणी आहे का, असा रकाना कागदात नाही. मी आतून बोंब ठोकली, पण आवाजाचं बटण बाहेरच्या बाजूला, आणि ते बंद. सील तोडायचा हक्क फक्त गिऱ्हाइकाचा, त्याच्या सहीनिशी, आणि गिऱ्हाईक कुठल्याशा बर्फात अडकलेल्यांना सोडवायला गेलंय. आज गुरुवार, तिसरा दिवस. मला गोदामात रंगाच्या डब्यांशेजारी उभं केलंय. नळीतून सूप मिळतं. बाकीचं विचारू नकोस; सोय आहे, आणि ती मीच बसवलीय. तुझी भावजय येऊन गेली. तिने ते बटण शोधून काढलं, दोन मिनिटं माझं ऐकलं, मग बंद करून अर्धा तास स्वतः बोलली. काचेतून दिसत होतं, बऱ्याच दिवसांनी खुशीत होती.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, पोरांना गालगुच्चे (चिमट्याने नव्हे).

तुझा,
आत कुठेतरी असलेला भाऊ

ता. क. – तेव्हा आईला आणखी तीन महिने तुझ्याकडेच ठेवशील का? चिलखतातल्या माणसाकडे म्हातारीला कसं धाडणार, तूच सांग.

ता. क. २ – ताई, मंगळवारी संध्याकाळीच फोरमनने पक्कड आणून सील तोडलं. दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी आपणहून आत जाऊन बसतो. गेल्या खेपेला तुझ्याकडे आलो होतो ना, तू स्वयंपाकघरात होतीस. आईने मला पाणी दिलं आणि विचारलं, "झाली का हो नळाची दुरुस्ती?" मग "माझा मुलगाही असलीच हातकामं करतो, फार हुशार आहे," असं माझंच कौतुक मला सांगत बसली. मी तुला बोललो नाही. फार लागलं गं. इथे आत बसलं की कोणी ओळखलं नाही तरी त्याला निदान कारण असतं.

ता. क. ३ – शनिवारीच धाड. गाडीवर मी येतो. मी कोण, हे सांगून तिला गोंधळात पाडू नकोस. घ्यायला येणारा माणूस विश्वासाचा आहे, एवढंच सांग.